विकणे आहे : महाळुंगे

महिन्याचा शेवटचा आठवडा आला की महाळुंग्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सामानाचे फोटो पडायला लागतात. एका दाराचा फ्रिज, लोखंडी पलंग, स्टडी टेबल, बाळाचा पाळणा, भिंतीवरून उतरवलेला वॉटर प्युरिफायर, ‘जेमतेम वापरलेली’ ट्रेडमिल. खाली बहुतेकांचं कारण एकच : शिफ्ट होतोय, अर्जंट. सोमवारी साडेचार हजार सांगितलेला फ्रिज गुरुवारी तीन हजारांवर येतो. शनिवारी सकाळी पॅकर्सचा टेम्पो गेटवर लागला की मालक म्हणतो, काय द्यायचं ते द्या आणि आधी उचला.

सोमवार ते शनिवार या घसरणीवर इथे बरेच जण लहानसा धंदा करतात. कुणी शनिवारी उचलून पुढच्या सोमवारी विकतं. कुणी फर्निचरला हातही लावत नाही, सुरतेच्या कुर्त्यांचे फोटो स्टेटसला ठेवून मधले साठ-सत्तर रुपये कमावतं. कुणी इन्स्टाग्रामवर वापरलेले कपडे धुऊन, इस्त्री करून, खिडकीच्या उजेडात फोटो काढून विकतं. ऑनलाइन रिसेलिंग या एका नावाखाली हे सगळं मोडतं. आणि हे करणाऱ्यांना का करता असं विचारलं तर उत्तरात ‘तोवर’ येतं. दुसरी नोकरी लागेपर्यंत तोवर, मूल शाळेत जाईपर्यंत तोवर, स्पर्धा परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तोवर.

या लेखाचा विषय हा ‘तोवर’ आहे. दुसऱ्याचा माल तिसऱ्याला विकताना माणसाला स्वतःची वाट सापडते का, आणि सापडत असेल तर नेमकी कशातून?

महाळुंगे हे गाव या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावं असं आहे. मुळा नदीच्या काठी, बालेवाडी आणि हिंजवडी यांच्या मधोमध. तालुका मुळशी, पण मुळशी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा भात, धुकं आणि धरणाचं पाणी इथून बरंच लांब. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीत शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. २००८च्या ऑक्टोबरात तिथेच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. पलीकडे हिंजवडीच्या माळावर एमआयडीसीचं आयटी पार्क वाढत गेलं आणि मधल्या शेतांना चौरस फुटांचा भाव आला. पीएमआरडीएने महाळुंगे-माण नगररचना योजना आखली, ती सुमारे अडीचशे हेक्टरांची. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यात महाळुंगेही होतं. ग्रामपंचायतीचं गाव एका अधिसूचनेने शहर झालं.

याच जिल्ह्यात दुसरंही एक महाळुंगे आहे, चाकणजवळचं महाळुंगे इंगळे, कारखान्यांचं. पार्सलवर नुसतं ‘महाळुंगे, पुणे’ लिहून भागत नाही; ४११०४५ आणि ४१०५०१ या दोन पिनकोडांमध्ये अख्खं पिंपरी-चिंचवड आहे. इथे माल पाठवणाऱ्याला आणि मागवणाऱ्याला हा फरक लवकर पाठ होतो.

अशा गावात माणसं राहायला कमी आणि थांबायला जास्त येतात. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा. प्रोजेक्ट बदलला, घरून काम सुरू झालं, लग्न ठरलं, कंपनीने माणसं कमी केली, स्वतःच्या फ्लॅटचा ताबा मिळाला, की घर हलतं. प्रत्येक हलणाऱ्या घरातून दोन-चार वस्तू मागे राहतात आणि प्रत्येक नव्या घराला त्याच दोन-चार वस्तू लागतात. जुन्या वस्तूच्या बाजाराला याहून चांगली जमीन मिळणार नाही. तरीही इथले बहुतेक रिसेलर याकडे पाठ करून सुरतेचे कुर्ते विकत बसतात. असं का होतं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

आयआयटी दिल्लीत एकत्र शिकलेले विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल यांनी २०१५ साली बंगळुरूत फॅशनियर नावाचं ॲप काढलं. जवळच्या कपड्यांच्या दुकानातला माल फोनवर दाखवायचा, अशी ती कल्पना. ती चालली नाही. पण दुकानदारांकडे फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली : हे लोक आधीच व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर विकत होते, आणि तसं विकणाऱ्यांत घरी बसून काम करणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. त्या निरीक्षणातून मीशो उभी राहिली. नाव ‘मेरी शॉप’वरून. कॅटलॉग ॲपचा, माल पुरवठादाराचा, कुरिअर तिसऱ्याचा, पैसे डिलिव्हरीच्या वेळी रोख. रिसेलर ताईंनी फक्त फोटो पुढे पाठवायचे आणि किमतीत आपलं मार्जिन घालायचं. भांडवल शून्य. २०१९मध्ये फेसबुकने मीशोत पैसे घातले; भारतातल्या स्टार्टअपमधली त्यांची ती पहिली गुंतवणूक. ग्लोरोड, शॉप१०१ अशी इतर ॲपंही याच वाटेने आली. टाळेबंदीत तर ज्यांच्या घरात कधी कुणी धंदा केला नव्हता, त्यांच्याही फोनवर ‘न्यू कलेक्शन, डीएम फॉर प्राइस’ दिसू लागलं.

मग पाणी फिरलं. गिऱ्हाइकाला कळलं की हाच कुर्ता आपणही ॲपवरून थेट मागवू शकतो आणि तो साठ रुपयांनी स्वस्त पडतो. कंपनीलाही कळलं की मधल्या ताईंपेक्षा थेट गिऱ्हाईक कितीतरी मोठं आहे. २०२१च्या आसपास मीशो थेट ग्राहकांकडे वळली आणि विक्रेत्यांसाठी शून्य कमिशन जाहीर केलं. त्याच वर्षी शॉप१०१ ग्लान्सने घेतली, पुढच्या वर्षी ग्लोरोड ॲमेझॉनने. मीशो आता शेअर बाजारात आहे. यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. धंदा असाच चालतो. पण एक गोष्ट स्वच्छ लिहायला हवी. आत्रे-बर्नवाल यांना दिशा मिळाली ती पहिला उद्योग फसत असताना दुकानात उभं राहून पाहिल्यामुळे. त्यांच्या ॲपवर काम करणाऱ्या लाखो ताईंना तशी पाहण्याची सोयच नव्हती. कापडाला हात लागत नव्हता, पुरवठादाराचं नाव कळत नव्हतं, माल का परत आला हे ॲपच्या तयार कारणांपैकी एकावर टिचकी मारून संपत होतं. त्यांच्याकडे जे होतं ते माणसांचं : कुणाला उंची जास्त लागते, कुणाच्या घरी मे महिन्यात मुंज आहे, कोण सांगितलेल्या दिवशी पैसे देतं. ज्यांनी हे वहीत लिहून ठेवलं त्यांच्याकडे ॲप बदलल्यावरही काहीतरी उरलं.

आता पैशांकडे येऊ, कारण दिशेच्या गप्पा हिशेबाशिवाय फार गोड लागतात. समजा, ॲप सोडून कुणी स्वतःचा माल आणला. एक कुर्ता तीनशेला घेतला, कुरिअरसह पाचशेला विकला. कुरिअर सत्तर, पिशवी-टेप-लेबल दहा. एका नगामागे एकशेवीस सुटतात. दहा पार्सलं गेली आणि दहाही घेतली गेली तर बाराशे. पण सीओडीवर, म्हणजे डिलिव्हरीच्या वेळी रोख घेताना, दहापैकी दोन परत आली, ज्याला सगळे आरटीओ म्हणतात, तर? दोन विक्रीचे पैसे आले नाहीत, जायचा खर्च झाला, यायचे एकशेचाळीस वेगळे. बाराशेचे सहाशे साठ होतात. त्या दोनातल्या एका कुर्त्यावर हळदीचा डाग पडून आला तर तीनशे साठ. दहा पार्सलं, दहा फोटोशूट, ‘ताई रंग असाच आहे ना’ची पन्नास उत्तरं, आणि हातात तीनशे साठ. बहुतेकांच्या डोक्यातला नफा बाराशेचा असतो. वही नसेल तर तो वर्षभर बाराशेचाच राहतो.

स्टडी टेबलाचा हिशेब वेगळा. समजा बाराशेला उचललं, टेम्पो पाचशे, स्क्रू-पॉलिश दीडशे आणि अडीच हजारांना गेलं. साडेसहाशे सुटले. आरटीओ नाही, कारण गिऱ्हाईक दोन बिल्डिंग पलीकडचं. येऊन हलवून, खण उघडून बघून घेऊन जातं. मात्र टेबल तीन आठवडे पार्किंगमध्ये उभं राहतं, सेक्रेटरींचा निरोप येतो आणि उचलायला दुसरा माणूस लागतो. शिवाय मराठी मध्यमवर्गीय मनाला जुन्या सामानाच्या व्यवहारात एक अवघडलेपण असतं. कुर्ते विकणं म्हणजे बुटीक. वापरलेला मिक्सर विकणं म्हणजे भंगार. इथले लोक सुरतेकडे का पाहतात, याचं अर्धं उत्तर या अवघडलेपणात आहे.

ते अवघडलेपण कुठून आलं, हे बोहारणीला विचारावं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन वाड्यात येणारी, जुन्या साड्या-पँटींवर पातेली देणारी बोहारीण हे आपल्या शहरांमधलं पुनर्विक्रीचं सगळ्यात जुनं, चालतंबोलतं दुकान. तिच्या नजरेला तोड नव्हती. साडी हातात घेताच विरलेली जागा उजेडात धरायची, काठाची जर खरी की खोटी हे अंगठ्याने चाचपायची. खरी जर असली तर साडी फाटकी असूनही मोलाची, कारण ती जाळून चांदी निघते. घरातल्या बाईने एक डबा मागितला की दोन साड्या जास्त मागायच्या, रागावून उठायचं, जिन्यातून परत यायचं. घरी नेलेल्या कपड्यांची प्रतवारी व्हायची : धुऊन विकण्याजोगे, शिवून विकण्याजोगे, आणि चिंध्या, ज्या यंत्रं पुसायला कारखान्यात जायच्या. इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणाऱ्या आजच्या मुलामुलींनाही हेच करावं लागतं. नजर, प्रतवारी, दुरुस्ती, भाव. फरक असा की त्यांना कुणी जिन्यात बसवत नाही, आणि त्यांच्याशी घासाघीस करताना आपण स्माइली टाकतो.

पुण्यात या सगळ्या मालाचं मोठं ठिकाण म्हणजे मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरणारा. पितळी कड्या, घड्याळं, मोटारींचे भाग, बंद पडलेले रेडिओ, कुलपाशिवायच्या किल्ल्या. तिथल्या विक्रेत्याला ॲप नसतं, पण वस्तू बघून ती कोणत्या घरातून आली आणि कुणाला लागेल हे तो सांगू शकतो. आणि योगायोग असा, की पुण्याच्या उद्योगजगतातली एक मोठी गोष्ट याच मंगळवार पेठेत सुरू झाली.

कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, महिना चारशे रुपयांवर. १९९०च्या सुमारास पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. बँकांमध्ये यंत्रं दुरुस्त करायला जात असताना एका काचेच्या खोलीत त्यांना संगणक दिसला आणि पुढे कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला कुणी बोलावणार नाही हे त्यांनी ओळखलं. संगणक दुरुस्ती शिकून घेतली, देखभालीची कंत्राटं घेऊ लागले. मग दुकानात येणाऱ्या यंत्रांत तोच तोच बिघाड दिसायला लागला : व्हायरस. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. त्याने आधी एकेका व्हायरसवर उतारा लिहिला आणि मग सगळ्यांवर चालेल असा प्रोग्राम. त्याचं क्विक हील झालं. २०१६च्या फेब्रुवारीत ती कंपनी शेअर बाजारात आली.

ही गोष्ट सहसा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिचा गाभा दुकानाच्या काउंटरवर आहे. एकच तक्रार पुन्हा पुन्हा समोर आली आणि समोर बसलेल्या माणसाच्या ती लक्षात आली. तक्रार लक्षात यायला वस्तू हातात यावी लागते. नुसते फोटो पुढे ढकलणाऱ्याच्या हातात ती येत नाही.

दुसरं उदाहरण जळगावचं. वाकोद गावच्या भवरलाल जैन यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, हातात आलेली सरकारी नोकरी नाकारली आणि १९६३ साली घरच्यांनी साठवलेल्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे तेलाची, खतांची, पाइपांची, ट्रॅक्टरांची एजन्सी. सगळा दुसऱ्याचा माल. पण गिऱ्हाईक एकच, खानदेशातला शेतकरी. १९७८मध्ये त्यांनी बंद पडलेला केळी-भुकटीचा कारखाना घेतला आणि पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. ठिबक सिंचन त्यानंतरचं. व्यापारातली ही जवळजवळ पंधरा वर्षं वाया गेली असं कुणी म्हणेल का? त्या वर्षांत शेतकऱ्याला काय परवडतं, पाणी कुठे कमी पडतं, उधारी कधी फिटते, हे सगळं त्यांना कळत होतं. दुसऱ्याचा माल विकताना गिऱ्हाईक मात्र आपलं असू शकतं, हे इथे दिसतं.

अमेरिकेतली एक उलटी गोष्टही इथे सांगायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोत एका कलाशाळेच्या दारात ओळखपत्रं तपासणाऱ्या सोफिया अमोरुसो या मुलीने २००६मध्ये ईबेवर जुने कपडे विकायला सुरुवात केली. स्वतः जुन्या कपड्यांच्या दुकानांतून वेचायचे, मॉडेलला घालून फोटो, स्वतः पॅकिंग. नॅस्टी गॅल नावाचा तो उद्योग अफाट वाढला, नव्या कपड्यांकडे वळला, २०१४मध्ये तिचं पुस्तकही गाजलं. २०१६च्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकेक झगा निवडताना जी नजर चालत होती ती हजारो नगांच्या ऑर्डरीत कितपत चालली असेल, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढंच दिसतं की वाढ आणि दिशा या वेगळ्या गोष्टी आहेत आणि ऑनलाइन धंद्याच्या यशोगाथांत त्यांची सर्रास गल्लत होते.

दुसरीकडे लिथुआनियातल्या मिल्दा मित्कुते. २००८मध्ये घर बदलताना आपल्याकडे कपडे फार झालेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते वाटून टाकण्यासाठी एका मित्राबरोबर त्यांनी साइट काढली. विंटेड नावाने ती आज युरोपभर चालते. घर हलवताना सुचलेली ही कल्पना आहे. महाळुंग्यात दर महिन्याला किती घरं हलतात!

कायद्याबद्दल थोडं लिहितो, कारण ‘छोटं आहे, चालतं’ हे वाक्य फार ऐकू येतं. ई-कॉमर्स मंचावरून माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला चाळीस लाखांच्या मर्यादेत यातून सूट मिळाली. नोंदणीऐवजी नावनोंदणी करून क्रमांक घ्यायचा. राज्याबाहेर पार्सल गेलं की सहसा नोंदणी आलीच. महाळुंग्यातून बेळगावला साडी पाठवणाऱ्या मराठी विक्रेत्याला ही रेघ आडवी येते, कोल्हापूरला पाठवणाऱ्याला येत नाही. जुन्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यासाठी वेगळी सोयही आहे : खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल तर कर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. २०२०च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनी मंचावरच्या विक्रेत्याला आपली ओळख आणि परतीच्या अटी उघड सांगायला लावल्या. हे सगळं एखाद्या सीएला तासभर बसवून समजून घ्यावं. त्याची फी एका ट्रेडमिलच्या नफ्यात निघते.

आणि एक पोलिसी सूचना. वस्तू विकताना समोरचा क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. सैन्यात आहे, बदली झाली आहे, सामान जवान येऊन नेईल, ही बतावणीही त्याच टोळीची.

तर मग महाळुंग्यात बसून कुर्ते विकणाऱ्या किंवा टेबलं उचलणाऱ्या माणसाने बघायचं काय? माझं उत्तर साधं आहे : आपल्याकडे नसलेली कोणती गोष्ट लोक मागतात, ते लिहावं. विक्रीची वही सगळेच ठेवतात. नाही म्हणाव्या लागलेल्या मागण्यांची वही क्वचित कुणी ठेवतं. कुर्ते विकणारीला ‘फिटिंग करून द्याल का’ हा प्रश्न दर आठवड्याला येतो. ती ‘नाही हो, तेवढं नाही’ लिहून पुढे जाते. आजूबाजूला हजारो फ्लॅट, बाह्या कमी करून देणारं कुणी हाताशी नाही आणि तिच्याकडे शिलाई मशीन धूळ खात पडलेलं. टेबल उचलणाऱ्याला लोक विचारतात, नवीन घरात परत जोडून द्याल का, भिंतीला ड्रिल माराल का, टीव्ही उतरवून द्याल का. सामानाची खरेदी-विक्री हा त्याचा धंदा आहे असं तो समजतो. त्याचे शेजारी त्याला घर हलवायला मदत करणारा माणूस समजत असतात आणि त्या कामाचे पैसे द्यायला तयार असतात.

क्रीडा संकुलाचं उदाहरण तर उघडं आहे. या परिसरात पोहायला, टेनिस-बॅडमिंटन खेळायला, धावायला शिकणारी मुलं आहेत. मुलाच्या पायाचं माप बुटापेक्षा वेगाने बदलतं. रॅकेट एका वयाला लहान पडते, सायकल दोन वर्षांत. महागडे स्पाइक्स एका हंगामात आखूड होतात. या वस्तू कुठल्या मुलाच्या कपाटातून कुठल्या मुलाच्या पायात जायला हव्यात, हे सांगायला प्रशिक्षकांशी बोलावं लागतं, मापं समजावी लागतात, रॅकेटची तार ओढता आली पाहिजे. ॲपला यातलं काही करता येत नाही. हे ज्याला आवडेल त्याच्यासाठी त्यात दिशा आहे. ज्याला नाही आवडणार, त्याला रॅकेटची पंधरावी चौकशी आल्यावर ते कळेल, आणि तेही कळायलाच हवं.

एक हक्काचा प्रश्न मात्र मध्ये आहे. पुण्यातल्या घरांतून निघालेल्या टाकाऊ वस्तूंवर कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांचं पोट फार आधीपासून चालत आलं आहे. १९९३मध्ये त्यांची पंचायत उभी राहिली, पुढे महापालिकेशी करार करून स्वच्छ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. नागरिकांकडून जुन्या वस्तू गोळा करण्याचे उपक्रमही ती करते. सोसायटीच्या ग्रुपवर ‘फुकट घेऊन जा’ म्हणून आलेला पंखा रिसेलरने पटकन उचलला, तर तो कालपर्यंत बहुधा कचरा उचलणाऱ्या मावशींकडे गेला असता. धंदा करणाऱ्याने फुकटातल्या वस्तूला हात लावू नये, विकत घेऊन विकावी, असा नियम मी सुचवेन. कुणी तो मानेल अशी मोठी आशा नाही.

‘तोवर’चा एक धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा, कारण तो नफ्यातून येतो. महिन्याला सात-आठ हजार सुटू लागले की ते नोकरी शोधण्याइतके कमी नसतात आणि धंदा म्हणून वाढवण्याइतके जास्तही नसतात. भिशीचा हप्ता निघतो, मुलाच्या क्लासची फी निघते, घरात कुणी ‘काय करतेस’ म्हणून विचारत नाही. मग निर्णय पुढे ढकलायला हे उत्पन्नच मदत करतं. सकाळी उठून आधी ऑर्डरी बघायच्या, कुरिअरवाल्याची वाट बघायची, संध्याकाळी परतीची भांडणं. दिवस भरलेला असतो. अशा भरलेल्या दिवसात वर्ष, दोन वर्षं कशी जातात, हे त्यातून गेलेल्या कुणालाही विचारावं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये दोनशे छप्पन्न नावं मावतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. वर्षभराने त्या यादीतल्या किती जणांनी स्वतःहून नाव घेऊन काहीतरी मागितलं, हा आकडा नफ्याच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो. तो वाढत नसेल तर धंदा बंद करून वही घेऊन मुलाखतीला जावं. माल घेणं, विकणं, परतीचा तोटा, गिऱ्हाइकाशी भांडण न करता बोलणं, एक्सेलमध्ये स्टॉक ठेवणं, हे सगळं बायोडेटात लिहिता येतं. आपले लोक ते लिहीत नाहीत, ‘गॅप’ लिहितात.

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा हा इथल्या जुन्या सामानाचा मोठा हंगाम. साफसफाईत माळ्यावरचं निघतं, बोनस आला की सोफा बदलतो, नवा टीव्ही घरी आला की जुना खाली उतरतो. याच दिवसांत कुर्तेवाल्यांचीही विक्री चढते, त्यामुळे दोन्ही करणाऱ्याला एक निवडावं लागतं : हातातले तीस हजार सुरतेच्या लॉटमध्ये घालायचे की पार्किंगमधली जागा भाड्याने घेऊन टेबलं, पाळणे, सायकली भरायच्या. लॉट घेतला तर भाऊबीजेपर्यंत काय ते कळेल आणि उरलेला माल संक्रांतीपर्यंत उशाशी राहील. टेबलांना गिऱ्हाईक दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात भाडेकरू बदलतात तेव्हा. तोवर तीस हजार अडकलेले. पुढे हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोने इथली भाडी आणि माणसं कशी बदलतील, याचाही अंदाज त्यात धरायचा. महाळुंग्याच्या ग्रुपांवर या आठवड्यात पुन्हा फोटो पडू लागतील. पहिला बहुधा ट्रेडमिलचा.